पत्रकातला माणूस

मधुमेहाची माहितीपत्रकं मी कित्येक वर्षं जमवते आहे. सरकारी, खासगी दवाखान्यांची, औषध कंपन्यांनी वाटलेली. ती सलग वाचली की एक माणूस हळूहळू डोळ्यांपुढे उभा राहतो. तो पन्नाशीतला आहे, पुरुष आहे, पोट जरा सुटलेलं आहे, काम बैठं आहे. सकाळी त्याच्याकडे पाऊण तास मोकळा असतो आणि घराजवळ चालायला बरा रस्ता असतो. घरात फ्रीज आहे. ठरल्या वेळी त्याच्यापुढे ताट येतं. 'कोशिंबीर वाढवा, तेल कमी करा' असं त्याला सांगितलं की घरातलं दुसरंच कुणीतरी ते अमलात आणतं. आणि हे सगळं लिहिलेलं वाचायला त्याला चष्म्यापलीकडे काही लागत नाही.

या माणसालाही मधुमेह होतो आणि त्यालाही माहिती हवीच. पण फलटण तालुक्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्यासमोरच्या बाकावर तो क्वचितच बसलेला असतो. तिथे खुरपायला जाणारी बाई असते, रात्रपाळीचा वॉचमन असतो, रोजे धरणारे चाचा असतात, पंढरीला निघालेले आजोबा असतात, शाळेचा गणवेश घातलेली मुलगी असते. हिवाळ्यात बीडकडून आलेलं ऊसतोडीचं जोडपं असतं. पत्रक सगळ्यांना एकच मिळतं.

२०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. आपल्या शेजारच्या गोव्यात प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त, २६.४ टक्के. शहरांत १६.४ टक्के आणि खेड्यांत ८.९ टक्के. हा शेवटचा आकडा ऐकून लोक निश्चिंत होतात, 'खेड्यात कमीच आहे की'. मला तो उलट काळजीचा वाटतो. देशातली बहुसंख्य माणसं खेड्यात राहतात, तिथे तपासणी उशिरा होते, आणि तपासणी झाल्यावर पुढचं समजावून सांगणारं माणूस तर फारच लांब असतं.

खेड्यात सर्वांत आधी जी समजूत बाजूला सारावी लागते, ती पत्रकातल्या सुटलेल्या पोटानेच घट्ट केलेली असते. 'मी एवढी वाळकी, मला कशी शुगर होईल?' हा प्रश्न मी अगणित वेळा ऐकला आहे. याचं उत्तर आपल्याच मातीत शोधलं गेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळाचं जन्मतःचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. आपलं बाळ लहान, हातापायांनी बारीक, स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीचं. २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

ही गोष्ट मी बायकांना सांगते तेव्हा त्या लक्ष देऊन ऐकतात, कारण ती त्यांच्यासारख्याच गावांतल्या बाळंतपणांची गोष्ट आहे. मग टेप काढून कंबर मोजायला सांगितलं तर कुणी हसत नाही. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर गेली, की वजनकाटा काहीही म्हणो, साखर तपासून घ्यायची.

बायकांविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

रुग्ण पुरुष असेल तर त्याची बायको सोबत येते. काय खायचं, काय नाही, गोळी जेवणाआधी की नंतर, हे तीच विचारते, तीच लक्षात ठेवते. रुग्ण बाई असेल तर ती एकटी येते. फार तर मुलगा गाडीवरून आणून सोडतो आणि बाहेर थांबतो. इतकी वर्षं हे पाहते आहे आणि अजून मला ते सवयीचं झालेलं नाही. कारण त्या एकाच गोष्टीत पुढच्या उपचाराचं निम्मं भवितव्य ठरलेलं असतं.

घरी सगळ्यांचं जेवण झाल्यावर ती जेवते. उसळ तळाशी रश्श्यापुरती उरलेली असते, भात मात्र पातेलंभर असतो. टाकायचा कसा म्हणून ती तो खाते. सकाळी कालची भाकरी चहात बुडवून खाते, कारण ती कुणी दुसरं खाणार नसतं. चपात्या ताज्या लागतात त्या मुलांच्या डब्याला. तिला मी 'भात कमी करा, डाळ-उसळ वाढवा' म्हणते तेव्हा मी प्रत्यक्षात तिला काय सांगत असते? घरातल्या वाढण्याचा क्रम बदल, असं सांगत असते. ते तिच्या हातात असेलच असं नाही. एका काकूंनी मला फार शांतपणे सांगितलं होतं, "ताई, मला काय खायचं ते मला समजलंय. मला उरत काय, ते तुम्ही आमच्या घरच्यांना समजवा."

त्या दिवसापासून मी बाईला एकटीला आहार सांगणं जवळपास बंद केलं. मुलाला आत बोलावते. सून असेल तर सासू-सून दोघींना एका बाकावर बसवते. वेगळा स्वयंपाक करायला सांगत नाही. वेगळं शिजवायला सांगितलं की ते आठवडाभर टिकतं आणि मग घरात तिच्यामुळे काम वाढल्याचं बोलणं सुरू होतं. सगळ्यांनीच आधी उसळ-भाजी, मग भाकरी आणि शेवटी थोडा भात घ्यायचा. तिचं ताट आधी वाढून झाकून ठेवायचं, मग ती कितीही उशिरा बसो. एवढंच मागणं असतं. त्यात मुलाबाळांचंही भलं आहे, कारण आईला मधुमेह असला की मुलांना होण्याची शक्यता वाढते. हे सांगितलं की बाहेर गाडीवर बसलेला मुलगा ऐकू लागतो.

भाकरीचाही एक गोंधळ आहे. 'भाकरी चालते' हे वाक्य आम्हीच इतकं पसरवलं आहे की लोक चपातीच्या जागी तेवढ्याच भुकेने चार भाकऱ्या खातात आणि साखर का वाढली म्हणून चक्रावतात. ज्वारी-बाजरीत कोंडा असतो, ती सावकाश पचते, हे खरं. पण ती पिठाचीच आहे आणि मोजूनच खायची आहे. तसंच गुळाचं. साखरेचा चहा सोडून गुळाचा सुरू केलेली माणसं मोठा त्याग केल्यासारखं सांगतात. गुळात बहुतेक साखरच असते, हे या ऊसपट्ट्यात सांगताना मलाच जड जातं. पण सांगावं लागतं.

आता ऊसतोडीविषयी. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून टोळ्या येतात. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गाडी भरायला रात्रीही उठावं लागतं. फडाच्या कडेला किंवा कारखान्याजवळच्या माळावर कोप्या. तिथे फ्रीज कुठला आणि जेवणाची ठरलेली वेळ कुठली. पत्रकातली 'रोज ४५ मिनिटं चाला' ही सूचना यांना वाचून दाखवणं मला अपमान वाटतो.

यांना मधुमेह असतो का? असतो. गावी असताना आरोग्य केंद्रातून मिळालेल्या गोळ्या ट्रंकेत घालून ते येतात. महिन्या-दीड महिन्यात गोळ्या सरतात. इथल्या केंद्रात गेलं तर मजुरी बुडते आणि जुना कागद नसतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून तपासणी. मग गोळ्या बंदच. काहींचं उलट होतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारा रस, बाहेर टाकायला लावते. ती घेतल्यावर खाल्लं पाहिजे. हा माणूस पहाटे गोळी घेतो, चहा पितो आणि कोयता उचलतो. भाकरी येते दहाला. तोवर अंगातली साखर श्रमाने उतरलेली असते. घाम, हातापायाला कापरं, डोळ्यांपुढे अंधार. सगळ्यांना वाटतं ऊन लागलं किंवा उपाशीपोटी चक्कर आली. उसाने वेढलेल्या फडात साखर कमी होऊन आडवा पडलेला माणूस मी पाहिला आहे, आणि भोवतीच्या कुणालाही ते काय आहे हे माहीत नव्हतं.

म्हणून टोळीला आम्ही आहारतक्ता देतच नाही. त्यांना तीन गोष्टी सांगतो. ही गोळी भाकरीबरोबरच. ज्या वेळी खायला मिळणार नसेल त्या वेळी ती कशी घ्यायची ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यायचं. कापरं भरलं की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची आणि मग भाकरी खायला घालायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता गाडीत घालून दवाखाना गाठायचा. आणि रोज रात्री चुलीच्या उजेडात एकमेकांचे तळपाय बघायचे. तोडलेल्या उसाची बुडं भाल्यासारखी धारदार असतात, आणि बधिर झालेल्या पायाला ती लागल्याचं कळत नाही. कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते.

हे सांगायचं कधी, हाही प्रश्नच होता. बाजाराच्या दिवशी टोळ्या जरा मोकळ्या असतात, तेव्हा. सांगायचं कुणी? एका टोळीत तांड्यावरच्या बऱ्याच बायका होत्या. त्यांना मराठी समजायचं, पण मान डोलावण्यापुरतं. त्यांच्यातल्याच दहावी झालेल्या मुलीने हे सगळं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. तिच्या आवाजातला तो दोन मिनिटांचा निरोप या फडातून त्या फडात फिरला. मुकादमाच्या फोनवरही गेला, आणि मला वाटतं, मुकादमाला कळणं फार महत्त्वाचं होतं, कारण दवाखान्यात जायला सुट्टी द्यायची की नाही ते तोच ठरवतो. शक्य असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या आणि जाड पुठ्ठ्यावर नाव, गोळ्या, शेवटची साखर लिहून द्या, एवढं मागणं आम्ही गावाकडच्या आणि इथल्या डॉक्टरांकडे करत राहतो. कधी ऐकलं जातं, कधी नियम आडवा येतो.

उपवासांचं शिक्षण वेगळं. तिथे माणूस अडाणी नसतो, तो श्रद्धेने ठरवून उपाशी राहतो, आणि डॉक्टर ओरडतील म्हणून सांगत नाही. लपवलेला उपवास सगळ्यांत धोक्याचा. रमजानमध्ये आजाऱ्याला रोजातून सूट आहे, ती खुद्द कुराणातच दिलेली आहे. पण ती मी सांगून उपयोग नाही. मौलानांनी जुम्म्याच्या नमाजनंतर सांगितली तेव्हा ती लोकांपर्यंत पोचली. त्याच बैठकीत डॉक्टरांनी सांगितलं की बोटातून रक्त काढून साखर बघितल्याने रोजा तुटत नाही. हे वाक्य ऐकून मागच्या रांगेतल्या कितीतरी माणसांचे चेहरे सैल झाले. साखर सत्तरच्या खाली किंवा तीनशेच्या वर गेली तर रोजा सोडायचा, सहरी म्हणजे पहाटेचं खाणं टाळायचं नाही आणि शक्य तितकं उशिरा करायचं, गोळ्यांच्या वेळा महिना-दीड महिना आधी डॉक्टरांबरोबर बसून बदलून घ्यायच्या. चाचा लोक आता रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला की स्वतःहून येतात.

एकादशीचं दुखणं निराळं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यावर बटाटा, वरून गोड दही. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी साखर तपासायला आलेल्या मावश्यांचे आकडे मला न विचारता कळतात. उपवास सोडा असं मी कधी म्हणत नाही. राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, ताक. हेही उपवासाचंच आहे.

माऊलींची पालखी आमच्या तालुक्यातून जाते, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. वारकऱ्यांशी बोलणं सोपं, ऐकतात मनापासून. पण नवसाने अनवाणी चालणाऱ्या मधुमेही माऊलीला चप्पल घाला म्हणणं सोपं नाही. एका दिंडीच्या वीणेकऱ्यांनी तोडगा काढला. पादुकांच्या दर्शनापुरती चप्पल काढायची, वाटेत पाय सांभाळायचे. 'देह पांडुरंगाचा आहे, तो फुटका नेऊन त्याला काय दाखवता?' असं ते म्हणाले. मला हे कधी सुचलं नसतं.

शाळकरी मुलांचा मधुमेह हा वेगळाच आजार आहे आणि गावात तो मोठ्यांच्या मधुमेहाच्याच पारड्यात टाकला जातो. 'लहानपणी गोड फार खाल्लं' म्हणून आईला बोल लागतो. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. त्यात आईचा काही दोष नाही आणि मुलाचाही नाही. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं जगवता येत नव्हती. म्हणून कुणी बाबा-बुवा 'इंजेक्शन बंद करा, माझा काढा द्या' म्हणाला की मला रात्री झोप लागत नाही. मोठ्या माणसाने महिनाभर गोळ्या सोडल्या तर नुकसान होतं. या मुलांनी इन्सुलिन सोडलं तर काही दिवसांत जिवावर बेततं.

त्यांच्या घरी जाऊन शिकवावं लागतं ते अगदी बारीकसारीक असतं. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात कशी ठेवायची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा मिलीलीटरला ४० युनिटचं असतं, त्याची सुई (सिरिंज) लाल टोपणाची. पेनमधलं १०० युनिटचं. दुकानात लाल संपली म्हणून नारिंगी टोपणाची १०० ची सुई आणली आणि त्याच खुणेपर्यंत भरली, तर मुलाच्या अंगात अडीचपट कमी इन्सुलिन जातं. हे कुठल्याही पत्रकात मोठ्या अक्षरात असायला हवं. शाळेत बाईंना सांगावं लागतं की ही मुलगी तासाला मध्येच खाऊ लागली तर तिला उभं करू नका. आणि मुलीच्या घरी आणखी एक अवघड बोलणं असतं, लग्नाचं. लपवू नका, एवढंच मी सांगते. लपवलं की ती सासरी चोरून इंजेक्शन घेणार, आणि चोरून घेतलेलं इंजेक्शन कधीतरी चुकणारच.

सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम २०१० पासून आहे. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी करायची, आशाताईंनी घरोघर जाऊन फॉर्म भरायचा, ही रचना चांगलीच आहे आणि ती मनापासून राबवणाऱ्या आशाताई मी रोज पाहते. माझी तक्रार तपासणीनंतरच्या पोकळीविषयी आहे. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिनाचं शिबिर होतं, फलक लागतो, रांग लागते, बोटाला सुई टोचली जाते, कागदावर २८० लिहिलं जातं आणि 'डॉक्टरांना भेटा' म्हणून माणूस घरी जातो. तो आकडा घेऊन तो काय करणार? काही शिबिरांत कुजलेल्या पायांचे फोटो लावतात. भीतीने माणूस शहाणा होतो यावर माझा विश्वास नाही. भ्यालेला माणूस पुढच्या वर्षी रांगेत येत नाही, एवढं मात्र मी पाहिलं आहे. इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की 'आता शेवट आला' असं वाटणारी माणसं याच भीतीतून तयार होतात.

आमच्याकडच्या एका वस्तीवर आशाताईंच्या ओसरीवर महिन्यातून एकदा बायका जमतात. तिथे मी बोलते कमी. ज्यांना दहा-बारा वर्षं मधुमेह आहे त्या बोलतात. कुणाचं शेत दूर आहे, ती डब्यात काय नेते. कुणाचा नवरा बाजारातून जिलेबी आणतो, ती त्याला काय म्हणते. कुणाला रात्री पाय जळजळतात. साखर मोजायची एक पट्टी १५-२० रुपयांना पडते, म्हणून एकच यंत्र सगळ्यांत आणि पट्ट्यांचे पैसे भिशीतून, हे त्यांनीच ठरवलं. सुई मात्र प्रत्येकीची वेगळी आणि नवी, हा माझा हट्ट त्यांनी मान्य केला.

गेल्या बैठकीत एकीने विषय काढला की पुढच्या वेळी घरातल्या पुरुषांनाही बोलवायचं. ते येतील का, यावर बराच वाद झाला. मग वेळ ठरवताना खरी कसोटी लागली. सकाळ नको, दूध घालायचं असतं. संध्याकाळी नळाला पाणी येतं. गुरुवारी मार्गशीर्षाचा उपवास आणि पूजा. शेवटी शुक्रवारी दुपारी तीन ही वेळ निघाली, शेतावरच्या लाइटचं वेळापत्रक बघून. आणि आशाताई म्हणाल्या, चहा बिनसाखरेचा असेल हे आधीच सांगून ठेवते.